हाताने कोरलेला पाइप ऑर्डर देऊन बनवून घ्यायचाय? नाशिकमध्ये बसून सगळी प्रोसेस, स्टेप बाय स्टेप

नाशिकमध्ये बसून परदेशातल्या कारागिराकडून स्वतःसाठी तंबाखू ओढायचा पाइप बनवून घेता येतो, आणि वाटतं तेवढं अवघड नाहीये. अडचण एवढीच की माहिती सगळी इंग्रजीत आणि विखुरलेली, त्यातही ती लिहिणारे अमेरिका-युरोपमधले, त्यामुळे आपल्या कस्टम्सबद्दल, कार्डाच्या भानगडींबद्दल, आपल्या पावसाळ्याबद्दल त्यात एक ओळ सापडत नाही. मी ही प्रोसेस स्वतः केलीये, नंतर देवळाली कॅम्पला राहणाऱ्या आमच्या एका काकांसाठीही केली (आर्टिलरीतून रिटायर झालेत, मला पाइपमधलं जे काही कळतं त्यातलं अर्धं त्यांच्याकडून), म्हणून सगळं एका जागी मराठीत लिहितोय.

सुरुवातीला एक गोष्ट नीट सांगतो. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो सेफ, असं खूप जण म्हणतात, ते खरं नाही. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर पाइपनेही होतो. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरू करावं असं मला अजिबात वाटत नाही, हा लेख जे आधीच पाइप ओढतात किंवा ज्यांना कोरीव वस्तू म्हणून तो जवळ ठेवायचाय त्यांच्यासाठी आहे. २००३ चा तंबाखू कायदा पाइपलाही लागू आहे, सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे आणि १८ वर्षांखालच्या कुणाला तंबाखू विकणं गुन्हा आहे.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस पाइप ऑर्डर करताना ९० टक्के विचार बाहेरून कसा दिसेल याचा करतो, लाकडाच्या रेषा कशा, रंग कुठला, चांदीची रिंग हवी का. पैसे खरे आतल्या कामाचे असतात. भोक कुठे निघालंय, स्टेम (तोंडात धरायची नळी) किती पातळ आहे, सांधा नीट बसतो का. फॅक्टरीच्या पाइपमध्ये आणि चांगल्या कारागिराच्या पाइपमध्ये फरक असतो तो इथे, म्हणून कारागिराशी बोलायचं ते याच गोष्टींबद्दल. खालच्या सगळ्या स्टेप्स त्याच हिशोबाने लिहिल्यात.

१. आधी ठरवा, खरंच बनवून घ्यायचाय का

तुम्ही आजपर्यंत एकही पाइप ओढला नसेल तर बनवून घेऊ नका. आधी साधा, फॅक्टरीचा ब्रायर पाइप किंवा कुणाचा वापरलेला पण स्वच्छ केलेला पाइप काही महिने वापरा. कारण कारागीर पहिला प्रश्न विचारणार, चेंबर (तंबाखू भरायची जागा) केवढं हवं, दातात धरता की हातात, फिल्टर लागतो का, आणि याची उत्तरं वापरल्याशिवाय येत नाहीत.

बजेटचं बोलायचं तर नवीन पण हात बसलेल्या कारागिराचा पाइप साधारण २०० ते ४०० डॉलरच्या घरात मिळतो, नावाजलेल्यांचे हजार डॉलरच्या वर जातात. त्यावर शिपिंग, कार्डाचे चार्जेस, कस्टम्स ड्युटी. हे सगळं धरून आकडा काढा आणि मगच मेल टाका, नाहीतर कारागिराचाही वेळ जातो आणि आपलाही.

२. लाकूड

पाइपचं लाकूड म्हणजे ब्रायर. एरिका आर्बोरिया नावाचं भूमध्य समुद्राच्या आजूबाजूला वाढणारं झुडूप आहे, इटली, ग्रीस, कॉर्सिका, अल्जेरिया या पट्ट्यात, त्याच्या बुंध्याशी जमिनीत जी गाठ तयार होते ती काढून तिचे ठोकळे करतात. गाठ वापरण्याएवढी मोठी व्हायला कित्येक दशकं जातात. ठोकळे कापल्यावर पाण्यात तासन् तास उकळतात म्हणजे आतला चीक-रस निघून जातो, मग महिनोन् महिने, काही जण वर्षानुवर्षं, सावलीत वाळवतात. उष्णता सहन करणं, ओलावा शोषणं आणि वजनाला हलकं असणं हे तिन्ही एकत्र असल्यामुळे १८५० च्या दशकात फ्रान्समधल्या सेंट-क्लोदला ब्रायरचे पाइप बनायला लागले ते आजतागायत तेच चालू आहे.

इथे नाशिककरांसाठी एक खास धोक्याची सूचना. आपल्याकडे सातपूर-अंबडला लेथ चालवणारे एकाहून एक कारागीर आहेत आणि फर्निचरवाले सुतारही हुशार आहेत, त्यामुळे "एवढे पैसे कशाला, शिसमचा तुकडा देतो, इथेच करून घेऊ" हा सल्ला नक्की मिळणार. कलेच्या दृष्टीने वस्तू सुंदर होईल, पण ओढायला नाही. शिसम, सागवान ही तेलकट लाकडं आहेत, तापल्यावर त्यांची चव धुरात उतरते, चेंबर आतून जळत जातं आणि शिसमच्या जातीच्या लाकडाचा भुसा बऱ्याच लोकांना ॲलर्जी करतो. टुरिस्ट दुकानांत जे शिसमचे कोरीव पाइप मिळतात ते शोकेससाठी ठीक.

ब्रायरशिवाय दोन पर्याय तुमच्या कानावर येतील. एक मीरशॉम, हे लाकूड नाही, सेपिओलाइट नावाचं पांढरं मऊ खनिज आहे, सगळ्यात प्रसिद्ध साठे तुर्कस्तानात एस्कीशेहिरला, त्यावर दाढीवाल्या सुलतानाचे चेहरे वगैरे फार बारीक कोरतात आणि वापरून वापरून ते मधाळ रंगाचं होत जातं. सुंदर असतं पण हातातून पडलं की संपलं. घेताना अख्ख्या खड्यातून कोरलंय की चुरा दाबून बनवलंय हे विचाराच, किंमत बघून ते कळत नाही. दुसरा मोर्टा, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं पडून काळंकुट्ट झालेलं ओक. पहिल्या ऑर्डरला माझं मत सरळ ब्रायर.

आणखी एक. काही कारागीर शँकवर (वाटीपासून स्टेमपर्यंतची लाकडी दांडी) सजावटीला शिंग, हाड, जुना हस्तिदंत लावतात. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हस्तिदंत तर सोडाच, सांबर-चितळाच्या शिंगांच्या व्यापारालाही बंदी आहे, आणि पार्सल उघडणाऱ्या ऑफिसरला ते शिंग कुठल्या प्राण्याचं हे तुम्ही पटवून देऊ शकणार नाही. पहिल्याच मेलमध्ये लिहा, प्राण्यापासून आलेलं काहीही नको.

३. आतलं काम (हे दोनदा वाचा)

चेंबर म्हणजे तंबाखू भरायची जागा. साधारण १९ ते २० मिमी व्यास आणि ३५ ते ४० मिमी खोली ही मधली मापं आहेत, यात कुठलाही तंबाखू चालतो. तुम्ही एका बैठकीत वीस मिनिटंच ओढणार असाल तर १७-१८ मिमी घ्या. मोठं चेंबर म्हणजे जास्त पैसे वसूल असं नसतं, अर्धा तंबाखू ओला होऊन तळाशी राहतो.

चेंबरच्या तळाला एक भोक असतं ज्यातून धूर शँकमध्ये जातो. ते बरोब्बर तळाच्या मध्यावर निघायला हवं. दोन मिमी वर निघालं तर त्याखालचा तंबाखू कधीच नीट जळत नाही, रोज ओला गाळ राहतो, आणि खाली गेलं तर तळाचं लाकूड पातळ होऊन जळून भोक पडायची भीती. या भोकाचा व्यास साधारण ३.५ ते ४ मिमी. यापेक्षा अरुंद असेल तर जोर लावून ओढावं लागतं, जोर लावला की पाइप तापतो, तापला की जीभ भाजते, नवीन लोक मग तंबाखूला दोष देतात.

मग येतो सांधा. शँकमध्ये जे खोबण असतं त्यात स्टेमचं टोक, म्हणजे टेनन, जाऊन बसतं. टेननचं टोक खोबणीच्या तळाला जवळजवळ टेकलं पाहिजे. मध्ये पोकळी राहिली की धूर तिथे थंड होतो, पाणी साठतं आणि ओढताना गुडगुड आवाज येतो. (डब्लिनच्या पीटरसनने १८९० मध्ये पेटंट घेतलेल्या सिस्टिम पाइपमध्ये पाणी साठायला मुद्दाम वेगळी जागा ठेवलेली असते, ती डिझाइन केलेली असते, ती गोष्ट वेगळी.) काकांकडे एक जुना महागडा पाइप आहे, दिसायला अप्रतिम, रेषा सरळ वरपासून खालपर्यंत, आणि पाचव्या मिनिटाला गुडगुडायला लागतो. त्यांनी एकदा स्टेम काढून मला टॉर्चने आत दाखवलं, टेनन आणि तळ यांच्यात चांगली तीन-चार मिमी जागा होती आणि तिथे काळं पाणी चमकत होतं. तेव्हापासून मी कुठलाही पाइप हातात घेतला की आधी तिथेच बघतो.

वाकडा म्हणजे बेंट पाइप घेणार असाल तर एक अट टाकाच, की पाइप क्लीनर (तारेवर सूत गुंडाळलेली लवचीक काडी) स्टेम न काढता तोंडाच्या टोकापासून चेंबरपर्यंत अडकल्याशिवाय जायला हवा. ड्रिल सरळच जातं, पाइप वाकडा असतो, त्यामुळे हे जमवायला हात लागतो आणि कारागिराची खरी परीक्षा यात होते. चांगला कारागीर ही अट वाचून खूश होतो.

फिल्टरचं आधी ठरवा. युरोपातले बरेच पाइप ९ मिमी फिल्टरसाठी बनतात, त्यात टेनन आणि खोबण दोन्ही मोठी असतात. आपल्याकडे ९ मिमी फिल्टर दुकानात सहज मिळत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात, आणि फिल्टर न घालता असा पाइप ओढला की वर सांगितली तीच पोकळीची भानगड. मी विनाफिल्टरच सुचवीन, पण तुम्हाला फिल्टरची सवय असेल तर ते पहिल्या मेलमध्ये लिहा, कारण ठोकळ्यात ड्रिल गेल्यावर ते बदलता येत नाही.

४. आकार आणि वजन

नावं भरपूर आहेत. बिलियर्ड हा सगळ्यात साधा सरळ आकार, ॲपल म्हणजे गोल बाऊल (तंबाखूची वाटी), डब्लिन वर रुंद खाली निमुळता, बुलडॉगला मध्ये धार असते, पॉट बुटका आणि रुंद, कॅनेडियनला लांब शँक आणि आखूड स्टेम, पोकर सपाट बुडाचा म्हणजे टेबलावर उभा राहतो. पहिल्या ऑर्डरला बिलियर्ड किंवा ॲपल घ्या. साध्या आकारात चूक लपवता येत नाही, त्यामुळे कारागिराचं खरं काम त्यातच दिसतं, आणि शेवटी हातात जास्त वेळा तेच येतात. वेडेवाकडे फ्रीहँड आकार फोटोत भारी दिसतात.

दातात धरून ओढायची सवय असेल, वाचताना किंवा काम करताना, तर वजन ४० ग्रॅमच्या आसपास किंवा कमी ठेवायला सांगा. हातात धरणार असाल तर ५५-६० पण चालतं. लांबी १३ ते १५ सेंमी ही रोजच्या वापराची. ज्यांना दाताचे कॅप किंवा कवळी आहे त्यांनी हलका आणि थोडा बेंट घ्या, दातावर ताण कमी येतो.

५. स्टेम कशाचा

दोनच पर्याय लक्षात ठेवा. एबोनाइट (यालाच व्हल्कनाइट म्हणतात, गंधक घालून कडक केलेलं रबर) आणि ॲक्रिलिक. एबोनाइट दाताखाली मऊ लागतं, ओढायला जास्त आरामाचं, पण ऊन आणि ओलावा लागला की तपकिरी-हिरवट पडतं आणि चव येते. ॲक्रिलिक कायम चकाचक राहतं पण दाताला कडक. नाशिकचं ऊन बघता, आणि आपण गाडीच्या डॅशबोर्डवर काहीही ठेवतो ते बघता, बरेच जण ॲक्रिलिक सुचवतात. मी एबोनाइटच घेतो आणि कपाटात ठेवतो.

तोंडात जाणारं टोक, बटन, तिथे स्टेमची जाडी ४ मिमीच्या आसपास हवी. फॅक्टरीचे जाड असतात म्हणून जबडा दुखतो. बटनच्या तोंडाशी भोक गोल नको, पंख्यासारखं दोन्ही बाजूंना पसरलेलं हवं, म्हणजे धूर जिभेवर एका जागी न लागता पसरतो. स्टेम रॉडमधून हाताने कापलाय की तयार साच्यातला आणून घासलाय हे विचारा. दोन्हीमध्ये काही वाईट नाही, पण किंमत हाताने कापलेल्याची सांगत असतील तर तसाच मिळायला हवा.

६. फिनिश

तीन प्रकार: गुळगुळीत, सँडब्लास्ट आणि हाताने खडबडीत केलेला, ज्याला रस्टिकेटेड म्हणतात. ब्रायर जमिनीत वाढतं, त्यात खडे-मातीचे छोटे खड्डे असतातच, निर्दोष ठोकळा क्वचित निघतो, म्हणून गुळगुळीत फिनिश महाग. सँडब्लास्टमध्ये वाळूसारख्या कणांचा मारा करून मऊ भाग उडवतात आणि कडक रेषा वर येतात, लंडनच्या डनहिलने १९१० च्या दशकात हे फिनिश लोकांना आवडायला लावलं. स्वस्त पडतो, पकडायला छान, पृष्ठभाग जास्त असल्याने हाताला कमी गरम लागतो आणि ओरखडे दिसत नाहीत. पैसे वाचवायचे तर इथे वाचवा, ड्रिलिंगमध्ये नाही.

विचारायचा एकच प्रश्न: खड्ड्यांमध्ये लांबी (पुट्टी) भरलीये का? स्वस्त पाइपमध्ये लांबी भरून वरून गडद रंग मारतात, काही काळाने ती लांबी वेगळी दिसायला लागते. चांगला कारागीर अशा ठोकळ्याचा सँडब्लास्ट करतो किंवा टाकून देतो.

चेंबरला आतून कोटिंग आहे का हेही विचारून घ्या. काही जण काहीच लावत नाहीत, काही जण ताक किंवा दह्यात ॲक्टिव्हेटेड चारकोल कालवून पातळ थर देतात (खरंच, ताक-दहीच), तो चालतो, काही दिवसांत त्याची चव जाते. फक्त बाहेरचा रंग आणि पॉलिश चेंबरमध्ये गेलेलं नको.

७. कारागीर निवडणं

इन्स्टाग्रामवर ढीगभर सापडतील. फोटो बघून भुलू नका, हे बघा: स्टेम काढलेला फोटो टाकतो का, बटनचा क्लोजअप टाकतो का, चेंबरमध्ये वरून दिसणारं भोक दाखवतो का. जो फक्त बाहेरच्या रेषांचे फोटो टाकतो त्याला हे फोटो मागा, पाठवायला टाळाटाळ केली तर पुढचा बघा. विकलेल्या पाइपबद्दल गिऱ्हाईक वर्षभराने काय बोलतात तेही वाचा, पहिल्या दिवसाचं कौतुक सगळेच करतात. भारतातही ब्रायर आयात करून काम करणारे मोजके लोक आहेत, त्यांच्याकडे केलं तर कस्टम्सची पूर्ण स्टेप वाचते, पण निकष हेच लावा.

वेटिंग असतं. काही महिने धरूनच चला. मध्ये दर आठवड्याला "झाला का" विचारू नका, एकटा माणूस काम करत असतो, महिन्याने एक मेल पुरे.

८. पहिल्या मेलमध्ये काय लिहायचं

इंग्रजी साधं असलं तरी चालतं, इटलीच्या कारागिराचंही साधंच असतं. मापं मिमीमध्ये द्या. मजकूर असा ठेवा:

– मी भारतातून, नाशिकहून लिहितोय, तिथे पाठवता का
– आकार, सरळ की बेंट, सोबत तुमच्याच कामातले दोन फोटो जे मला आवडले
– चेंबरचा व्यास आणि खोली, अंदाजे वजन, लांबी
– फिल्टर हवा की नको
– स्टेमचं मटेरियल, बटनची जाडी
– फिनिश आणि रंग, प्राण्यापासून आलेलं काही नको
– मी कसा ओढतो (दातात/हातात, किती वेळ, कुठला तंबाखू)
– बजेट, स्पष्ट आकड्यात

"मी कसा ओढतो" ही ओळ सगळ्यात कामाची. ती वाचून कारागीर स्वतःहून सांगतो की खोली कमी कर किंवा बाऊलची भिंत जाड ठेवू. उलट पंधरा मापांचं ड्रॉइंग पाठवलंत तर तो वैतागतो, कारण ठोकळा कापत गेल्यावर आत खड्डा निघू शकतो आणि आकार थोडा सरकवावा लागतो. काही जण आधी आकार देऊन मग ड्रिल करतात, काही उलट, ते त्यांच्यावर सोडा. दुसऱ्या कारागिराच्या पाइपचा फोटो देऊन "हुबेहूब असाच" म्हणू नका, बरेच जण तिथेच नकार देतात आणि बरोबरच करतात.

९. पैसे

बऱ्याच कारागिरांची पद्धत अशी की आधी बनवतात, फोटो पाठवतात, आवडला तर तुम्ही पैसे द्या, नाहीतर ते दुसऱ्याला विकतात. ही पद्धत दोघांसाठी चांगली. काही जण थोडा ॲडव्हान्स घेतात, तेही ठीक. पूर्ण रक्कम आधी, आणि तीही नवीन अकाउंटला, असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू आहे का ते आदल्या दिवशीच बघा. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं बाहेरच्या देशांसाठी बंदच येतात, आपण चालू करावं लागतं, आणि काम झालं की परत बंद करा. परकीय चलनाचा मार्कअप लागतो तो कार्डाप्रमाणे वेगळा. कारागीर थेट बँक ट्रान्सफरच मागत असेल तर बँकेत पॅन आणि ए-२ फॉर्म (परदेशात पैसे पाठवायचा अर्ज) लागतो, सोबत इन्व्हॉइस न्या. काउंटरवर "कशासाठी" विचारतात, सरळ सांगा, वैयक्तिक वापराची वस्तू.

१०. पार्सल आणि कस्टम्स

लागणारी कागदपत्रं एकाच फोल्डरमध्ये फोनवर ठेवा: आधार, पॅन, इन्व्हॉइस, पैसे भरल्याचा पुरावा (स्टेटमेंटची ओळ चालते), कारागिराशी झालेल्या मेलचे स्क्रीनशॉट, ट्रॅकिंग नंबर. कुरिअरने आलं तर केवायसीची लिंक मेसेजवर येते, ती त्याच दिवशी भरा. लिंक खरी कुरिअर कंपनीचीच आहे ना ते ट्रॅकिंग पेजवरून तपासून मगच भरा, या नावाने फसवणारे मेसेज भरपूर फिरतात. पोस्टाने आलं तर आपल्याकडची बरीचशी पार्सलं मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसमधून, बॅलार्ड इस्टेटवरून सुटतात, वेळ जास्त जातो, पण ड्युटी घरी पोस्टमनकडे भरता येते.

कारागिराला पार्सलवर पूर्ण वर्णन लिहायला सांगा: हाताने बनवलेला ब्रायर लाकडाचा धूम्रपानाचा पाइप, नवीन, एक नग, सोबत तंबाखू नाही. कस्टम्सचा कोड ९६१४ आहे, धूम्रपानाचे पाइप त्याच हेडिंगमध्ये येतात, तो इन्व्हॉइसवर टाकायला सांगा. आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटवर पूर्ण बंदी आहे आणि वर्णन अर्धवट असेल तर पार्सल त्या संशयाने अडकू शकतं. परिचयातल्या एकाचं एका कुरिअरकडे असंच अडकलं होतं, कागदावर नुसतं "स्मोकिंग ॲक्सेसरी" लिहिलेलं, नवीन इन्व्हॉइस मागवून पाठवल्यावर सुटलं.

तीन सापळे:

"गिफ्ट" लिहून ड्युटी वाचते हा समज जुना झाला. डिसेंबर २०१९ पासून ड्युटी न भरता गिफ्ट म्हणून पोस्टाने-कुरिअरने वस्तू मागवता येत नाही, सूट फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांना आहे.

किंमत कमी दाखवू का, असं कारागीर चांगल्या मनाने विचारतो. नाही म्हणा. पकडलं तर दंड, आणि पार्सल हरवलं तर विमा त्या कमी किमतीचाच मिळतो.

"सोबत थोडा तंबाखू पण टाक" असं सांगू नका. तंबाखूचे नियम, ड्युटी, पाकिटावरचे इशारे सगळं वेगळं आहे, त्या पन्नास ग्रॅममुळे पाइप अडकतो.

ड्युटी आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) मिळून रक्कम चांगलीच होते आणि दर बदलत राहतात, ऑर्डर देताना कस्टम्सच्या साइटवर चालू दर बघून आकडा धरा. कुणी नातेवाईक परदेशातून येणार असेल आणि घाई नसेल तर कारागिराला तिकडच्या पत्त्यावर पाठवायला सांगून बॅगेतून आणणं सगळ्यात सोपं, फक्त बॅगेजची मर्यादा बघून घ्या आणि बिल सोबत ठेवा.

११. हातात आल्यावर

बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा. मग पेटवायच्या आधी तपासा, एकदा पेटवला की परत करता येत नाही. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं कॅलिपर) लागेल, पण सातपूर-अंबडला कामाला असलेला एक तरी मित्र नाशिकमध्ये प्रत्येकाला असतोच, त्याच्याकडून आणा. चेंबरचा व्यास, बटनची जाडी मोजा. मोबाइलचा टॉर्च चेंबरमध्ये धरून भोक तळाच्या मध्यावर आहे का बघा. पाइप क्लीनर तोंडाकडून सरकवा, अडकला नाही पाहिजे. स्टेम शँकला बसतो तिथे उजेडासमोर धरा, फटीतून प्रकाश दिसायला नको. रिकामाच ओढून बघा, हवा सहज आली पाहिजे, शिट्टी वाजली तर आत कुठेतरी धार किंवा मापाचा फरक आहे. काही चुकीचं वाटलं तर फोटो काढून शांतपणे लिहा, बहुतेक कारागीर दुरुस्त करून देतात, त्यांचं नाव त्या पाइपवर असतं.

१२. पहिले काही आठवडे

सुरुवातीला चेंबर अर्धंच भरा आणि हळू ओढा, आतल्या भिंतीवर कार्बनचा पातळ थर बसू द्या, तो दीड मिमीच्या वर गेला की खरवडून कमी करायचा. एकदा ओढल्यावर दिवसभर विश्रांती द्या. गरम असताना स्टेम कधीच काढू नका, शँक तडकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा एवढी दमट असते की बंद डब्यात ठेवलेल्या पाइपला बुरशी येते, क्लीनरने पुसून उघड्या स्टँडवर, उन्हापासून लांब ठेवा.

आणि समजा शँकला केसाएवढी चीर गेलीच, तर पाइप टाकून देऊ नका. सराफ बाजारात चांदीचं पातळ वळं करून मिळतं, शँकचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजून त्यापेक्षा किंचित लहान बनवून घ्या, गरम पाण्यात धरून थोडं पसरलं की पुसून सरकवा आणि चिरेत आधी पातळ ग्लू सोडा. फक्त वळं पूर्ण तयार करूनच आणा, पाइपवर बसवून तिथे डाख द्यायला सांगू नका, दिव्याच्या फुंकणीने ब्रायर क्षणात काळं पडतं.